क्षण टिपण्याचा ताळेबंद

घरात चांगला कॅमेरा घ्यायचे ठरले की पहिली चर्चा होते ती कंपनीच्या नावाची आणि दुसरी मेगापिक्सेलची. एक नातेवाईक कॅननचे गुण गातो, दुसरा निकॉनचे, तिसरा सोनीचे. दुकानदार सवलतीचा आकडा सांगतो, सोबत बॅग आणि मेमरी कार्ड देतो आणि व्यवहार पुरा होतो. पुढे शाळेच्या क्रीडा महोत्सवात किंवा घरच्या विवाहात तो कॅमेरा बाहेर निघतो. तेव्हा धावणारी मुले पुसट येतात, व्यासपीठावरचे चेहरे काळवंडलेले दिसतात आणि मैदानातला फलंदाज मुंगीएवढा भासतो. दोष कॅमेऱ्यावर जातो आणि याहून महाग कॅमेरा घेण्याचा विचार सुरू होतो.

कर्जाचा अर्ज तपासताना बँक अधिकारी एक प्रश्न प्रथम विचारतो : तूट नेमकी कशाची आहे? ज्याला खेळत्या भांडवलाची चणचण आहे त्याला यंत्रसामग्रीसाठी कर्ज दिले, तर यंत्र उभे राहते आणि धंदा बसतो. कॅमेऱ्याच्या खरेदीलाही हाच प्रश्न लावावा. समारंभ आणि खेळ यांच्या छायाचित्रणात तूट तीनच गोष्टींची असते : वेळेची, प्रकाशाची आणि अंतराची. यांपैकी आपल्याला कोणती भेडसावते, हे कळले की खरेदी सोपी होते. पुष्कळदा खरेदीची गरजच उरत नाही. आपल्या बीड जिल्ह्यातील तीन खेळाडूंचे खेळ डोळ्यांसमोर ठेवून हे तीन हिशेब मांडून पाहू.

वेळेचा हिशेब

आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे हे नाव आता जगाला ठाऊक आहे. ३००० मीटर स्टीपलचेस या शर्यतीत त्यांनी ७ जुलै २०२४ रोजी पॅरिस येथील डायमंड लीग स्पर्धेत ८ मिनिटे ९.९१ सेकंद अशी वेळ देऊन स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला. या वेळेला अंतराशी भागले, तर सरासरी वेग सेकंदाला सुमारे ६.१ मीटर येतो.

आता कॅमेऱ्याचे शटर १/६० सेकंद उघडे राहिले असे समजू. तेवढ्या अवधीत धावपटू दहा सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. चित्र पुसट येणारच. १/२५० सेकंदात तो अडीच सेंटिमीटर सरकतो आणि १/१००० सेकंदात केवळ सहा मिलिमीटर. पुढे झेपावणारा पाय आणि हात तर धडापेक्षाही वेगाने हलतात. म्हणून समोरून आडव्या धावणाऱ्या खेळाडूसाठी १/१००० सेकंद हा सुरक्षित आकडा मानावा. धावपटू थेट आपल्या दिशेने येत असेल, तर चौकटीतील त्याची जागा फारशी बदलत नाही. तेथे १/५०० सेकंदातही बहुधा काम भागते. हा आकडा ठरवण्याची सोय जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यात असते. तबकडीवर ‘एस’ किंवा ‘टीव्ही’ असे लिहिलेले असते, ती हीच सोय. तिच्यासाठी वेगळा पैसा मोजावा लागत नाही.

वेगाने लागोपाठ चित्रे घेणारा कॅमेरा असला की कोणताही क्षण निसटणार नाही, असे अनेकांना वाटते. याचाही हिशेब करून पाहावा. २०२२ साली बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत केनियाच्या अब्राहम किबिवॉट यांनी ८ मिनिटे ११.१५ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले आणि साबळे ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदकाचे मानकरी ठरले. दोघांत अंतर होते ०.०५ सेकंदाचे. सेकंदाला पाच चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत ०.२० सेकंद जातात, म्हणजे त्या अंतराच्या चौपट. दोन चित्रांच्या मधल्या फटीत एवढा निकाल चार वेळा सामावतो. सेकंदाला वीस चित्रे घेणारा महाग कॅमेराही त्या फरकाच्या बरोबरीला येतो, पुढे जात नाही. यंत्राचा वेग उपयोगी आहे खरा. परंतु क्षण कोठे येणार हे आधी ओळखणे त्याहून अधिक उपयोगी आहे.

स्टीपलचेस ही शर्यत या दृष्टीने मोठी शिकवण देते. तिच्यात २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. पाण्याची उडी प्रत्येक फेरीत त्याच ठिकाणी येते. साबळे यांच्या वेगाने एक फेरी साधारण ६५ सेकंदांची होते. म्हणजे छायाचित्रकाराला एकाच जागी सात संधी मिळतात आणि दोन संधींच्या मध्ये मिनिटभराचा अवकाश. पहिल्या उडीला मागची पार्श्वभूमी स्वच्छ आहे का ते पाहावे, दुसरीला शटर तपासावे, तिसरीला बसण्याची उंची बदलावी. शेवटच्या फेरीपर्यंत जागा, शटर आणि चौकट पक्की झालेली असते. १८७८ साली अमेरिकेत पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज यांनी धावत्या घोड्याची प्रसिद्ध चित्रमालिका घेतली, ती याच विचाराने. त्यांनी घोड्याचा पाठलाग केला नाही. घोडा जेथून जाणार त्या मार्गालगत बारा कॅमेरे मांडले आणि घोड्याच्या पायांनीच शटर उघडतील अशी दोरे ताणून व्यवस्था केली.

आपल्या शाळेच्या मैदानावरही अशा ठरलेल्या जागा असतातच. लांब उडीत झेप घेण्याची फळी, रिलेमध्ये बॅटन देण्याचा पट्टा, कबड्डीत चढाई करणारा परत फिरतो ती मध्यरेषा, खो-खोमध्ये सूर मारला जातो तो खांब. अशा जागेवर फोकस आधीच साधून ठेवावा. खेळाडू सतत हलत असेल, तर फोकस अखंड पाठलाग करील अशी रचना निवडावी. निकॉन आणि सोनीमध्ये तिला ‘एएफ-सी’ म्हणतात, कॅननमध्ये ‘सर्व्हो’. उडीच्या सर्वोच्च बिंदूवर शरीर वर जाण्याचे थांबलेले आणि खाली येणे सुरू व्हायचे असते. तेथे बटण दाबले, तर थोड्या कमी वेगाच्या शटरनेही चित्र रेखीव येते.

प्रकाशाचा हिशेब

पाटोद्याचे मल्ल राहुल आवारे यांनी २०१८ साली गोल्ड कोस्ट येथे ५७ किलो वजनी गटात राष्ट्रकुल सुवर्णपदक आणि २०१९ साली जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळवले. कुस्तीचे छायाचित्रण धावण्याच्या अगदी उलट असते. गादीवरील लढतीचे वर्तुळ ९ मीटर व्यासाचे असल्याने अंतराची अडचण येत नाही. अडचण येते ती प्रकाशाची. सभागृहातील दिवे डोळ्यांना पुरेसे वाटतात, कॅमेऱ्याला ते पुरत नाहीत. मंगल कार्यालयातील समारंभाचेही तसेच आहे.

समजा, एखाद्या सभागृहात एफ ५.६ हे छिद्र, १६०० आयएसओ आणि १/६० सेकंद अशा मांडणीवर चित्र उजळ येते, पण हललेले येते. आपल्याला १/५०० सेकंद हवे आहे. वेळ आठपटीने कमी केली, म्हणजे प्रकाशाच्या खात्यातून आठपट रक्कम काढली. ती कोठून तरी जमा करावीच लागेल. आयएसओ १६०० वरून ३२०० केला, तर दुप्पट परतावा मिळतो. छिद्र एफ ५.६ वरून एफ २.८ केले, तर चौपट. दोन गुणिले चार, आठ, खाते जुळले. शटर, छिद्र आणि आयएसओ या तिन्हींचा संबंध एवढाच आहे. एका खात्यात कमी कराल ते दुसऱ्या खात्यात भरा.

परंतु कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी लेन्स पूर्ण झूम केल्यावर एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. नवा कॅमेरा घेऊनही अंधाऱ्या सभागृहात चित्रे सुधारत नाहीत, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. अशा वेळी ५० मिलिमीटर, एफ १.८ ही छोटी लेन्स घ्यावी. ती एफ ५.६ च्या तुलनेत नऊपटींहून अधिक प्रकाश आत घेते आणि जवळजवळ सर्व कंपन्यांच्या स्वस्त लेन्समध्ये तिची गणना होते. ती झूम होत नाही, तेव्हा पुढे-मागे आपणच व्हायचे. छिद्र पूर्ण उघडले की फोकसची खोली फार कमी राहते, हेही ध्यानात असावे. एकट्या चेहऱ्यासाठी ते शोभते. दोन रांगांच्या कौटुंबिक चित्रासाठी एफ ५.६ वर परतावे आणि सर्वांना क्षणभर स्थिर उभे राहण्यास सांगावे.

आयएसओ वाढवला की चित्रात बारीक दाणे दिसतात, म्हणून अनेक जण तो वाढवण्यास कचरतात. दाणेदार चित्र छापता येते, हललेले चित्र कोणत्याही उपायाने सुधारत नाही. ३२०० किंवा ६४०० आयएसओची भीती बाळगू नये.

आणखी एक बाब. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते. त्यामुळे ट्यूबलाइट आणि हलक्या प्रतीचे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होत राहतात. शटर वेगाचे ठेवले की एक चित्र उजळ, दुसरे मळकट, तर तिसऱ्यावर आडवे पट्टे असा प्रकार होतो. कॅमेरा बिघडला असे समजून दुकानात धाव घेऊ नये. मेनूमध्ये ‘अँटी-फ्लिकर’ असेल तर ते सुरू करावे, आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करावे आणि वक्ता स्थिर उभा असेल तर १/१०० सेकंदावर काम भागवावे.

अंतराचा हिशेब

बीडच्या सचिन धस या युवा फलंदाजाने फेब्रुवारी २०२४ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावांची खेळी केली. क्रिकेटमध्ये सूर्यप्रकाश भरपूर असतो. तूट असते ती अंतराची. सीमारेषेपासून फलंदाज साठ-सत्तर मीटर दूर असतो आणि तेथवर जाण्याची मुभा छायाचित्रकाराला नसते.

किती मोठी लेन्स लागेल, हे दुकानदाराला विचारण्याऐवजी स्वतः काढता येते. आपल्यापासून खेळाडूचे अंतर मीटरमध्ये घ्यावे, त्याला २४ ने गुणावे आणि लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्याने भागावे. आडव्या चौकटीत जितके मीटर उंचीचे दृश्य मावेल तो आकडा मिळतो. सत्तर मीटरवर ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये सुमारे ३४ मीटर उंचीचे दृश्य येते. त्यात पावणेदोन मीटरचा फलंदाज जेमतेम पाच टक्के दिसणार. ४०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये हीच उंची ४.२ मीटर होते आणि तोच फलंदाज चौकटीचा चाळीस टक्के भाग व्यापतो.

हा हिशेब फुलफ्रेम या मोठ्या सेन्सरचा झाला. बहुतेक घरगुती कॅमेऱ्यांचा सेन्सर त्याहून लहान, एपीएस-सी आकाराचा असतो. तेथे २४ ऐवजी १६ ने गुणावे. सत्तर मीटरवर २५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये दृश्याची उंची सुमारे ४.५ मीटर भरते. म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २५० मिलिमीटरची माफक किमतीची झूम लेन्स जवळपास तेच काम करते, ज्यासाठी फुलफ्रेमवर ४०० मिलिमीटर लागते. दिवसाच्या खेळासाठी लहान सेन्सर हा कमीपणा नसून बचत आहे. संध्याकाळच्या अंधूक उजेडात मात्र अशी स्वस्त झूम लेन्स हतबल होते. तेव्हा मर्यादा ओळखून खेळ लवकर टिपून घ्यावा.

शाळेच्या मैदानावर तर क्रीडाशिक्षकांची परवानगी घेऊन, खेळाडूंना अडथळा न होता वीस मीटरपर्यंत जवळ जाता येते. पन्नास मीटर चालत जाणे ही सर्वांत स्वस्त झूम लेन्स होय.

समारंभाची रीत

खेळाचे नियम छापलेले असतात. समारंभाचे नियम विचारून घ्यावे लागतात. या बाबतीत राजा दीनदयाळ यांचे उदाहरण स्मरणात ठेवण्यासारखे आहे. मीरतजवळील सरधना येथे १८४४ साली एका जैन जवाहिर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रुरकीला अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते इंदूरला नोकरीस लागले, तेथेच छायाचित्रणाकडे वळले आणि पुढे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. आपला बीड जिल्हा त्या काळी त्याच हैदराबाद संस्थानात होता. दरबार, मेजवान्या आणि लष्करी कवायती त्यांनी जड काचेच्या पट्ट्यांवर टिपल्या. त्यांच्या २,८५७ काचपट्ट्या आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेल्या आहेत आणि २००६ साली टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. परंतु त्यांची एक कृती मला विशेष मोलाची वाटते. पडदा पाळणाऱ्या स्त्रियांना परपुरुषासमोर बसण्याचा संकोच होऊ नये म्हणून त्यांनी १८९२ साली हैदराबादेत स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ उघडला आणि तेथे स्त्री छायाचित्रकार नेमली. समोरच्या व्यक्तीची मर्यादा आधी, चित्र नंतर, हा त्यातला विचार आहे.

आजच्या समारंभातही हीच रीत पाळावी. प्रवचनस्थळी साधू-साध्वींची छायाचित्राला अनुमती आहे का, हे संघाच्या ज्येष्ठांना विचारावे. नसेल तर कॅमेरा बॅगेतच राहू द्यावा. फ्लॅश थेट चेहऱ्यावर टाकू नये. पांढरे छत असेल तर तो छताकडे वळवून उडवावा, म्हणजे प्रकाश मऊ पसरतो. खेळाडूसमोर फ्लॅश कधीच वापरू नये. कार्यक्रमाचा क्रम आदल्या दिवशी समजून घ्यावा आणि कोणाकोणाची छायाचित्रे अवश्य हवीत त्यांची यादी घरातील वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावी. आजी-आजोबांचे चित्र राहून गेले, तर पुढच्या समारंभात ती संधी मिळेलच असे नाही.

घरी येताच चित्रांची प्रत दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्यावी. दोन प्रती झाल्याशिवाय कार्ड कोरे करू नये. पैसे घेऊन काम करणाऱ्याने दोन कार्डे एकाच वेळी बसणारा कॅमेराच घ्यावा, म्हणजे एक कार्ड बिघडले तरी विवाहाची चित्रे जात नाहीत. लाखभराच्या लेन्सपेक्षा या दुसऱ्या कार्डाचे मोल अधिक आहे.

कर्जाचा हिशेब

छंद म्हणून कॅमेरा घेणाऱ्याने तो बचतीतून घ्यावा, हप्त्यांवर नव्हे. उपजीविकेसाठी घेणाऱ्या तरुणांची गोष्ट वेगळी. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत तारण न घेता कर्ज मिळते. त्यात ५० हजार रुपयांपर्यंतचे कर्ज ‘शिशु’ गटात आणि त्यापुढे ५ लाखांपर्यंतचे ‘किशोर’ गटात येते. समजा, दीड लाख रुपये ११ टक्के व्याजाने ३६ महिन्यांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ४,९११ रुपये येतो आणि एकूण व्याज २६,८०० रुपयांच्या आसपास जाते.

हप्ता पेलेल असे वाटते. परंतु उत्पन्नाचे महिने मोजावेत. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत विवाहाचे मुहूर्त नसतात. हप्ता मात्र चातुर्मास पाळत नाही. त्या चार महिन्यांचे सुमारे २० हजार रुपये लग्नसराईतच बाजूला काढून ठेवता येतील, याची खात्री असेल तरच सही करावी. शाळांची स्नेहसंमेलने, क्रीडा स्पर्धा आणि संस्थांचे कार्यक्रम यांची कामे जोडीला असतील, तर हा धंदा बाराही महिने तग धरतो. म्हणूनच केवळ विवाहाचे छायाचित्रण येणाऱ्यापेक्षा खेळाचेही येणारा तरुण अधिक सुरक्षित असतो.

खर्चाचा क्रम सांगायचा, तर आधी जुना पण सुस्थितीतील कॅमेरा, मग एफ १.८ ची लेन्स, नंतर दिवसाच्या खेळासाठी झूम लेन्स, सोबत दोन बॅटऱ्या आणि दोन चांगली कार्डे. वर्षातून दोनदाच लागणारी ७०-२०० मिलिमीटर, एफ २.८ ची लेन्स भाड्याने आणावी. ती दर महिन्याला काम देऊ लागली, की मग विकत घ्यावी. जुना कॅमेरा घेताना त्याचे शटर किती वेळा उडाले आहे तो आकडा विचारावा आणि लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशीचे जाळे नाही ना, ते पाहावे. आपल्या भागातील उन्हाळी धुळीत मैदानावर लेन्स बदलणे टाळावे. पावसाळ्यात ती सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

आणि यातले काहीही घेण्यापूर्वी, घरात जो कॅमेरा असेल तो घेऊन एका सकाळी गावच्या रस्त्याच्या कडेला उभे राहावे. जाणाऱ्या सायकलींची पन्नास चित्रे १/१००० सेकंदाने घ्यावीत आणि पन्नास १/३० सेकंदाने, सायकलीबरोबर कॅमेरा फिरवत. पहिल्या पन्नासांत सायकल गोठलेली दिसेल. दुसऱ्या पन्नासांतील पाच-सहा चित्रांत सायकलस्वार रेखीव आणि मागची झाडे वाऱ्यासारखी पळताना दिसतील. चार रविवार असे केले की आपली तूट वेळेची, प्रकाशाची की अंतराची, हे कळून येते. पुढचा अविनाश किंवा पुढचा राहुल आज आष्टी, पाटोदा, गेवराई किंवा धारूरच्या एखाद्या शाळेत असेल. त्याची पहिली शर्यत, पहिली कुस्ती टिपायला शहरातून कोणी येणार नाही. तो क्षण त्या मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या आपल्यापैकीच कोणाला तरी टिपावा लागेल.